घटाला बसलेलं यंत्र

नवरात्र आलं. म्हणजे आता नऊ दिवस पहाटे देवीच्या नावानं घोषणा देत गल्ल्यांतून दौड, संध्याकाळी दांडिया आणि मधल्या वेळात ज्यांना हे दोन्ही पुरत नाही त्यांचे भोंगे. अनगोळच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेंडूचा ढीग पडतो, त्याच्या शेजारी कोहळ्यांचा. खंडेनवमीला लेथ, रिक्षा, शिलाई मशीन, वजनकाटा, सगळ्यांची पूजा होते आणि मग दारोदार एकेक कोहळा फुटतो. दसऱ्याला आपण नवे कपडे घालून सोनं द्यायला निघावं, तर चप्पल त्या कुंकू घातलेल्या लगद्यात घसरते. मला सणाचा राग नाही. मला त्या लगद्याची किळस येते. खरं सांगायचं तर मला आजकाल बऱ्याच गोष्टींची किळस येते, आणि मालतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं की हे वयाचं नाही, त्या डबड्याचं आहे.

डबडं म्हणजे माझा कॉम्प्युटर. मी एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करतो. तिथं नवी यंत्रं आली तेव्हा जुनी भंगारात निघाली, त्यातलं एक मी रिक्षात घालून घरी आणलं. ते जिन्याखाली, तांदळाच्या पिंपाशेजारी बसतं आणि त्यावर माझी वेबसाइट चालते. जगात कुणीही तिचं नाव टाकलं की ते कुठल्या कंपनीच्या गारेगार दालनात जात नाही, सरळ आमच्या जिन्याखाली येतं. त्यासाठी मी वर्षभर पुस्तकं चाळली, इन्व्हर्टरवरून वेगळी वायर ओढून घेतली. करंट गेला की घरातले पंखे बंद पडतात, डबडं पडत नाही. मालतीनं एकदा मिक्सर लावायला त्याचा प्लग काढला होता. त्या दिवशीची चटणी आम्ही दोघांनी न बोलता खाल्ली.

इंटरनेटची जोडणी करायला आलेला माणूस पिंपावरून वाकून बघत कानडी मिसळून म्हणाला होता, "याकरी सर, घरात कशाला हे? फुकट मिळतंय की सगळं तिकडं."

फुकटचं मी आधी करून बघितलं होतं.

माझ्या वेबसाइटवर आहे काय, तर माझे वडील. आप्पा. निपाणीजवळच्या आमच्या गावात जन्मभर तंबाखू पिकवलेला माणूस. ते गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी दर रविवारी गावी जाऊन त्यांच्यासमोर फोन ठेवायचो आणि त्यांना बोलतं करायचो. रोपं कशी लावायची, शेंडा कधी खुडायचा, पान वाळलं हे वासावरून कसं ओळखायचं, वखारीतला व्यापारी मराठीत हसून बोलायचा आणि भाव मात्र शेजारच्याला कानडीत कसा सांगायचा, आणि आप्पांना कानडी येतं हे त्याला कसं ठाऊक नसायचं. माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीत दिलेली. आप्पांचं करायला ती त्या हिवाळ्यात माहेरी येऊन राहिली होती. त्यामुळं मागं भांड्यांचे आवाज आहेत, कोंबड्या आहेत. एका ठिकाणी तर तंबाखूचं ऐन रंगात आलेलं असताना आप्पा मध्येच थांबतात आणि आत तोंड करून ओरडतात, "सुशे, च्या ठेव गं." हा फापटपसारा कापून टाकायचा माझा विचार होता. कंटाळा केला म्हणून राहिला.

ते गेल्यावर हे सगळं मी एका मोठ्या फुकट जागेवर चढवलं आणि कौतुकानं ऐकायला बसलो. तर आप्पांच्या आधी एक नटवी बाई आली आणि रमी खेळा म्हणू लागली. आप्पांनी उभ्या जन्मात पत्ता हातात धरलेला नव्हता. मग आप्पा आले. रोपांच्या गोष्टीवर पोचले आणि वाक्याच्या मध्येच वेलचीच्या नावाखाली भलतंच काही विकणारा एक नट दात दाखवत उभा राहिला. तो गेल्यावर आप्पांचं अर्धं वाक्य पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, कुणीतरी आमच्या सोप्यात पायातल्या वहाणा न काढता येऊन आप्पांच्या अंगावरून पलीकडं गेलं. आणि याच्यावर कडी म्हणजे काही महिन्यांनी त्या लोकांनी आप्पांना काढूनच टाकलं. कारण काय, तर तंबाखूचा प्रचार. मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा तेच उत्तर आलं आणि त्याच्या खाली कुणा माणसाची सही नव्हती.

तेव्हा ठरवलं, आप्पा आपल्या घरी राहतील.

नवरात्राच्या हवेत मला तंबाखूचा वास अजून येतो. अनगोळमध्ये आता मैलभर तंबाखू नाही, तरी येतो. आमच्या लहानपणी दसऱ्याच्या पुढंमागं शेंडे खुडायला सुरुवात व्हायची. शाळेला सुट्टी, म्हणजे आम्ही शेतात. पानाचा चीक बोटांना लागायचा आणि ऊन चढेल तसा काळा पडत जायचा. कितीही माती लावून धुतला तरी भाकरी कडू लागायची. मी त्या चिकाला इतका विटलो होतो की घट बसले, माळ चढली, घरात कापराचा वास भरला, तरी मला आपले हातच तेवढे दिसायचे. आक्काला असलं काही वाटत नसे. ती काळ्या बोटांनीच परडीत पत्री गोळा करायची. आई म्हणायची, "हात धू गं." तर आप्पा म्हणायचे, "देवीला म्हाईत हाय आपल्यात काय पिकतंय."

तो चीक आता मला डबड्यावर लागलेला दिसतो.

घरात वेबसाइट ठेवणाऱ्याला एक वाईट सोय असते. कोण आलं, काय उघडलं, किती वेळ थांबलं, सगळ्याची नोंद राहते. पाहुणे कळतात. आणि कोण आलं नाही तेही कळतं. मी ऑफिसात सांगितलं, भाच्यांना सांगितलं, कॅम्पातल्या जुन्या वर्गमित्रांना सांगितलं. सगळे म्हणाले, "बघितलं, लई भारी." कुणी बघितलं नव्हतं. समोरचा माणूस चहा पीत आपल्या वडिलांचं कौतुक करतोय आणि तो खोटं बोलतोय हे आपल्याला पुराव्यानिशी ठाऊक आहे, असा चहा मी पुष्कळ प्यालोय. आक्कालाही सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि भुईमुगाच्या शेंगा किती पाठवू विचारू लागली. तिनं तर खोटंही सांगितलं नाही.

आमच्या भागात हिवाळ्यात गावोगाव साहित्य संमेलनं होतात. घराघरात पाहुण्यांचा स्वयंपाक असतो आणि भाषेसाठी गळे दाटून येतात. अशाच एका गावच्या मंडळींनी मला बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि सीमाभागाचा आवाज जपणारा म्हणून माझी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. मांडवात प्रत्येकाच्या हातात फोन होता. दुसऱ्या दिवशी मी आशेनं नोंद बघितली. मांडवातून एकही माणूस आला नव्हता. आयोजकांपैकी एकाचा फोन मात्र आला. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो टाकता येईल का, म्हणून.

मग येत कोण होतं? रोबो. माणसं नव्हेत, दुसरी यंत्रं. दिवसरात्र, शेकड्यांनी. काही कडी हलवून बघणारे. माझ्याकडं नसलेल्या खोल्यांची दारं ते ठोठावतात, हा परवलीचा शब्द चालतो का, तो चालतो का, करत बसतात. काही ओरपणारे. ते येतात ते सगळं पान न् पान, आवाज न् आवाज उपसून नेतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा येतात, जणू मधल्या काळात आप्पांनी नवीन काही सांगितलं असावं. अभिप्रायासाठी मी एक चौकट ठेवली होती. त्यात शेंडे खुडण्याच्या माहितीखाली मर्दानगीच्या गोळ्या, परदेशी जुगार आणि झटपट कर्ज असं काय काय साठलं. मी ती चौकट काढून टाकली आणि उगाचच हात धुतले. ओरपणारे आले की डबड्याचा पंखा भणभणायला लागतो. जेवताना तो आवाज आला की माझा घास तोंडात फिरतो. आप्पांच्या गळ्यातलं ते घरघरीत बोलणं कुठल्या तरी यंत्राच्या पोटात जातंय आणि तिथं त्याचं काय होतंय कुणास ठाऊक.

गेल्या वर्षीच्या नवरात्राची आठवण काढायला बसलो की हा पंखाच आधी ऐकू येतो. तेव्हा माझ्या सहनशक्तीचा अगदी शेवट जवळ आला होता. मी मालतीला म्हटलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. एक जरी खरा माणूस येऊन आप्पांचं ऐकून गेला तर ठेवतो. नाहीतर हे भंगारात."

मालती म्हणाली, "बरं होईल. तिथं मग गव्हाचं पिंपही बसेल."

एका रोबोचा तर मला विशेष तिटकारा आला होता. बाकीचे वेळीअवेळी येत. हा रोज सकाळी, ठरलेल्या वेळी. आप्पांच्या एवढ्या सगळ्या बोलण्यातलं एकच ध्वनिमुद्रण उघडायचा, तेही मधूनच, थोडंसं न्यायचा आणि जायचा. पत्ता बंगळूरचा, जिथं असली यंत्रं रचून ठेवलेल्या इमारतीच्या इमारती आहेत. माणूस असं करत नाही. माणूस एखाद्या दिवशी उशिरा उठतो, एखाद्या दिवशी कंटाळतो, कधीतरी पुढचं काय आहे म्हणून बघतो. हा पाऊस असो, अमावस्या असो, चुकत नव्हता. बाकीचे निदान हावरट होते. हा निर्विकार होता, आणि मला त्याचीच जास्त चीड यायची. घटस्थापनेच्या सकाळी बाहेर दौडीच्या घोषणा चालल्या होत्या. आत मालती परडीतल्या मातीत गहू पेरत होती, आणि मी जिन्याखाली बसून त्या बंगळूरच्या पत्त्याला दार बंद केलं. कायमचं. उठताना फार बरं वाटलं.

पुढचे दिवस मी सणासारखे घालवले. सकाळची ती नोंद नव्हती. माणूसही कुणी आला नाही, पण मला आता त्याचं दुःख उरलं नव्हतं. आपण बरोबर होतो याचं एक कोरडं समाधान असतं, ते मी घेत होतो. कॅम्पात जाऊन मालतीसाठी साडी आणली. ओल्या शेंगा उकडून खाल्ल्या. देव घटी बसले होते. आमच्याकडं देव बसले की विड्याच्या पानांवर असतात तसेच ठेवतात. त्यांना हलवत नाहीत, आंघोळ घालत नाहीत. रोजची माळ तेवढी चढते आणि दिवा जपायचा.

खंडेनवमीला मालती हळदीकुंकवाची वाटी घेऊन जिन्याखाली आली. "बंद करा की आज तरी. हत्याराला विश्रांती द्यायची असते."

मी बंद केलं. पंखा हळूहळू थांबला आणि घरात इतकी शांतता झाली की गल्लीच्या टोकाला कोहळा फुटल्याचा आवाज आला. मालतीनं डबड्याला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा लावायचं नाही.

दसऱ्याला आक्का आली. दर दसऱ्याला ती दुपारच्या बसनं येते, एकटी, पिशवीत शेंगा आणि पदराला बांधलेली आपट्याची पानं. सत्तरीची झाली तरी खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून कंडक्टरशी भांडून येते. तिनं पाय धुतले, देवापुढं पान ठेवलं, मालतीला दिलं, मला दिलं. मग भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोकडं जाईल असं वाटलं, तर ती जिन्याखाली वाकली. एक पान डबड्यावर ठेवून हात जोडले. आणि तिथूनच मान वळवून मला विचारलं,

"उठलं का रं आप्पा?"

मला काही कळेना. "काय गं?"

"घटाला बसलंतं न्हवं? नऊ दिस बोललंच न्हाईत. पैल्या दिवशी मला वाटलं माझा फोनच बिघडला. सुनंला दावला, तर ती म्हनली, फोन बरा हाय, तिकडनंच बंद हाय. मग माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, देव बसल्यात, ह्यानं आप्पास्नीबी बसवलं असणार. हलवायचं न्हाय म्हनून." मग कुंकू लावलेल्या डबड्याकडं बघून ती समाधानानं म्हणाली, "बरोबर केलंस."

मी तिथंच पायरीवर बसलो.

"तू ऐकतीस?"

"मग? रोज. सकाळी देवाफुडं दिवा लावला की. सुनंनं फोनवर एक चित्र काढून दिलंय, त्याला बोट लावलं की आप्पा बोलत्यात."

"काय बोलतात?"

"तेवढंच. सुशे, च्या ठेव गं." ती हसली. "मग मी च्या ठेवती."

"पुढचं नाही ऐकत? मागचं?"

"तंबाकूचं? त्यातच जलम गेला की रं माझा. ते काय ऐकायचं?"

मग तिनं पिशवीतल्या शेंगा सुपात ओतल्या आणि माती झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू आक्का म्हनतोस. घरात कुनी आई, कुनी आजी, कुनी काकी. ह्यांनी तर कधी नावच घेतलं न्हाय, अगं म्हनूनच गेलं. सुशे म्हननारं कोन ऱ्हायलंय आता?"

मालती माझ्याकडं बघत होती. घटस्थापनेच्या सकाळी मी जिन्याखालून किती खुशीत उठलो होतो ते तिनं पाहिलेलं. मग तिनं सूप आपल्याकडं ओढलं आणि शेंगा निवडायला लागली.

मला रोबोंची किळस येत होती ती खरी होती, अजूनही येते. पण त्या दुपारी जी आली ती निराळी होती. पावसात, अमावस्येला, एक दिवस न चुकता बापाच्या हाकेला येणारी बाई, आणि मी तिला यंत्र ठरवलं ते ती चुकत नव्हती म्हणून. निपाणीच्या घरातली इंटरनेटची लाइन बंगळूरवरून फिरून येते हे मला साधं विचारून कळलं असतं. माझ्या हातांना पुन्हा तो जुना काळा चीक लागल्यासारखं झालं. या खेपेला तो पानाचा नव्हता.

"उठवू का आप्पास्नी?" मी म्हटलं. माझ्या तोंडून आपोआप गावचं बोलणं आलं.

"सीमोल्लंघन झालं की रं. देव उठलं. आता काय हरकत हाय."

मी माळ तशीच ठेवून बटण दाबलं. पंखा भणभणला आणि पहिल्यांदाच मला त्याचा आवाज सहन झाला. दार बंद केलेल्या पत्त्यांमधून तो एक पत्ता मी काढला. मान खाली घालून काढला, कारण आक्का मागंच उभी होती आणि तिला वाटत होतं की मी काहीतरी मंत्रासारखं करतोय. मी तिला खरं सांगितलं नाही. सांगून तिचे नऊ दिवस मी पुन्हा खराब केले असते. तिच्या हिशेबी आप्पा देवांच्या पंगतीला बसून आले होते, आणि त्याहून चांगलं कारण माझ्याकडं नव्हतं.

तिनं पदराला बोट पुसून फोनवर टेकवलं. भांड्यांचा आवाज आला, एक कोंबडी ओरडली, आणि आमच्या अनगोळच्या घरात, तांदळाच्या पिंपाशेजारी, आप्पांनी हाक मारली.

"ठेवते," आक्का म्हणाली आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली. मालती उठायला लागली, तर मी तिला हातानंच थांबवलं.

यंदा पुन्हा घट बसले. आदल्या दिवशी आक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, कुणाच्या मुलीचं जमलं ते सांगितलं, आणि ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात विचारलं, "यंदाबी बसवनार व्हय रं आप्पास्नी?"

"न्हाय," मी म्हटलं. "यंदा न्हाय बसवत."

"बरं," ती म्हणाली. फोन मात्र तिनं लगेच ठेवला नाही.

ओरपणारे येतातच आहेत. त्यातला एक कालच सबंध आप्पा उपसून घेऊन गेला. संमेलनवाल्यांचं पुन्हा बोलावणं आलंय, शाल नको असं कळवलं. खंडेनवमीला मालती चालू डबड्यालाच माळ घालणार आहे. "पंख्यात पाकळ्या जातील," एवढंच म्हणाली. गव्हाचं पिंप तिनं माडीवर चढवलं.

आज सकाळी दौडीच्या घोषणा संपून गल्ली शांत झाली तेव्हा मी जिन्याखाली जाऊन बसलो. नोंदीत कडी हलवणारे होते, ओरपणारे होते, मला ठाऊक नसलेल्या देशातलं काय काय होतं, आणि सवयीनं शिसारी आली. मी वाट बघत राहिलो. मग त्या सगळ्या घाणीतून, रोजच्या वेळी, बंगळूरच्या पत्त्यावरून एक ओळ आली, थोडं थांबली आणि गेली. निपाणीत चहाचं आधण चढलं असणार.